सुती धाग्याचा लगाम

अक्का, धागा तुटला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. नाहीतर तुझी सवय मला माहीत आहे. मी डेपोतली कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की तू मध्येच म्हणायचीस, "शेवटी काय झालं त्ये आदी सांग की." तर शेवट असा, की बँड दणकून वाजत होता, मी मल्लीवर बसले होते, आणि तुझ्या मागावरचा धागा जसा बांधला तसाच्या तसा घरी आला.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. माझं रडून झालंय असं मी सगळ्यांना सांगते. काल तबेल्यात तुझी हिरवी बादली दिसली आणि परत सुरू झालं, ते सोड. आज मी रडायला बसलेली नाही. आज मला तुझ्यासमोर मिरवायचं आहे, आणि नेमकी आजच तू नाहीस याचा मला भयंकर राग आलाय.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी कुंभारीच्या गाडीवर कंडक्टर, आणि तू कोंड्याचं पोतं ढकलत गाडीत चढलेली. पोत्याचं तिकीट काढा म्हटलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "ह्ये पोतं न्हाय बाई, माज्या घोडीचा डबा हाय." अख्खी गाडी हसली. मलाही हसू फुटत होतं, पण ड्युटीवर कंडक्टर हसली की गाडी तिच्या डोक्यावर बसते. मी तिकीट हातात दिलंच. तू कुरकुरत पैसे दिलेस आणि उतरताना वळून म्हणालीस, "लई रागीट हायस. ये की एकदा घोडी बगायला, तिला बी राग येतोय." अशा आमंत्रणाला कोण नाही म्हणणार? सुट्टीच्या दिवशी मी तुमची कॉलनी शोधत आले.

घराच्या पुढच्या खोलीत तुमचे माग खडखडत होते, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला ती उभी होती. पांढरीशुभ्र. तू तिचं नाव मल्ली ठेवलं होतंस, तुमच्या तेलुगूत मोगरा. मी जवळ गेले तर तिनं कान मागं टाकले. तू हळूच तिचा ओठ वर करून दाखवलास, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने वण होते. वरातीची घोडी होती ती. वरातीतली घोडी बँडवर नाचते ते मी लहानपणापासून बघत आले होते, टाळ्याही वाजवल्या होत्या. ती का नाचते ते तू सांगितलंस. तोंडात काटेरी लोखंडी कडी घालायची, लगामाच्या वाद्या आवळून धरायच्या आणि मागून टाच मारायची. पुढं जाता येत नाही, मागं जाता येत नाही, मग बिचारी जागच्या जागी पाय उचलत राहते आणि लोक खुश होतात. एका वरातीत ती नवरदेवासकट दोन पायांवर उभी राहिली. मालकाला नकोशी झाली, तेव्हा तू तिला घरी आणलीस. हैदराबादला नोकरी करणाऱ्या तुझ्या पोरानं, व्यंकटेशनं, फोनवर केवढी बोंब मारली होती!

तुला घोड्यातलं कळायचं याचं मला आधी नवल वाटायचं. माहेरी टांगा, सासरी माग, असा तुझा सगळा हिशेब. वडील स्टेशनवर टांगा चालवायचे, त्यांच्या मांडीवर बसून तू वाद्या धरायला शिकलीस. लग्न होऊन आलीस ती टॉवेल विणणाऱ्या मागांच्या खडखडाटात. तू मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून बोटाची मागची बाजू नुसती फिरवायचीस आणि कुठला धागा जास्त ताणलाय ते सांगायचीस. मल्लीच्या वाद्याही तशाच धरायचीस.

"बसतीस का?" तू विचारलंस. मी नाहीच म्हणणार होते. मग बसले, आणि वर गेल्यावर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुला वाटलं मी घाबरले. का रडले ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही, ते आज सांगते. आमच्या गावात आमच्या आळीच्या नवरदेवाला घोड्यावर बसू देत नसत. माझ्या आजोबांची वरात पायी निघाली होती, तीसुद्धा मागच्या वाटेनं. आजोबा हे नेहमी हसत हसत सांगायचे. आम्हा पोरांना मात्र हसू यायचं नाही. त्या दिवशी मी रिकिबीत पाय घातला तो त्यांच्या वाटणीचा होता. तुला हे सांगितलं असतं तर तू काहीतरी वात्रट बोलली असतीस आणि मग जास्तीची भाकरी वाढली असतीस, मला ठाऊक आहे. तरी राहून गेलं.

वर बसले खरी, पण वाद्या धरल्या त्या गाडीच्या घंटीच्या दोरीसारख्या. इतकी वर्षं तोच हात. दोरी धरायची आणि खेचायची, ड्रायव्हरला ऐकू गेलं पाहिजे! मल्लीनं मान झटकली. तू ओरडलीस, "आगं बेल मारतीस का काय! मेल्लगा, मेल्लगा!" मेल्लगा म्हणजे हळू, सावकाश. तुझ्या तोंडचा हा एक शब्द आता सगळ्या कॉलनीला येतो.

दुसऱ्या खेपेला तू गंमत केलीस. वाद्या तोंडातल्या साध्या, बिनकाट्याच्या कडीला नेहमीसारख्या न जोडता मध्ये दोन्ही बाजूंना सुती धाग्याचा तुकडा बांधलास, टॉवेलाच्या ताण्याचा साधा धागा. "आता वड, किती वडायचं त्ये," म्हणालीस. मी जरा वळवायला गेले तर तटकन तुटला. मल्ली आपली निवांत तुळशीवृंदावनाकडं निघाली, मी वर बसून हातात नुसत्या वाद्या घेऊन बघतेय, आणि तू खाली पोट धरून हसतेयस. किती धागे तुटले त्याची मोजदाद नाही. धाग्याची कांडी संपली की दुसरी आणायचीस. एकदाही चिडली नाहीस. चिडायचं काम मी करत होते.

मग मी पार दुसऱ्या टोकाला गेले. धागा तुटतो ना, मग ओढायचाच कशाला? मी वाद्या सोडूनच दिल्या. धागा लोंबायला लागला, तुटायचं नाव नाही. मी छाती काढून तुझ्याकडं बघितलं. तोवर मल्ली शेजारच्या शेतात शिरून हुरड्याला आलेली ज्वारी खात होती. तू तिला बाहेर काढलीस, शेतवाल्याची समजूत घातलीस आणि मला म्हणालीस, "मागावर धागा असा ढिला आला की काय हुतंय ठावं हाय का? त्यो मोकळा ऱ्हात न्हाय. शेजारच्यात गुततोय आनि समदं कापड बिगडतंय."

इथून आपला वाद सुरू झाला, आणि तो तुझ्याबरोबर संपला नाही. ओट्यावर चहाचे कप घेऊन आपण किती तंडलो! मी म्हणायचे, "अक्का, एकदा तोंडात लोखंड घातलं की ते लोखंडच. तू कितीही मायेनं धर, तिला विचारून घातलंस का? ज्याचं तोंड एवढं दुखवलंय त्याला सोडून द्यावं, हातच लावू नये."

"सोडून द्यावं? गड्ड्याच्या जत्रंत पोराचं बोट कसं धरतीस तू?"

"घट्ट."

"घट्ट धरलं तर त्ये रडंल. सोडलं तर हरवंल. बोटाला बोट लागलेलं असलं की बास. त्येला कळतंय, आई हाय."

"पोराचं वेगळं. पोर आपणहून बोट धरतं."

"मल्ली बी धरती की! माज्याकडं मागती ती हात. मी जरा सोडलं की मान लांब करून बगती, कुटं गेली अक्का म्हनून."

"तुझ्या ओच्यात गूळ असतो म्हणून बघते ती."

यावर तू खरोखर रुसली होतीस. मग म्हणालीस, "तुज्याकडं बी मागंल एक दिस. बग तू." मी म्हटलं, कुठलंही जनावर लगाम मागत नाही, लावतेस पैज? तू लगेच हात पुढं केलास. नाही मागितला तर तू जन्मभर कुरकुर न करता पोत्याचं तिकीट काढायचं. मागितला तर पोतं मी आणायचं, जन्मभर. मला वाटलं, आपण फुकटात जिंकलो.

पण एक गोष्ट मलाही दिसत होती. बँडसमोरून मल्लीला फक्त तूच नेऊ शकायचीस. आधी लांबून, मग जवळून, मग अगदी ताशाच्या शेजारून. तुझ्या हाताखाली ती कान हलवत चालायची. मी बसले आणि कुठं लग्नाचा बँड वाजला की तिला जुनं सगळं आठवायचं. पाय जागच्या जागी पडायला लागायचे, आणि मग मी एकतर ओढायचे नाहीतर सोडून द्यायचे. तू खालून मेल्लगा म्हणत यायचीस आणि आमची दोघींची सुटका करायचीस.

आणि मग एका सकाळी तू माग सुरू करायला गेलीस आणि तिथंच बसलीस.

तुझं दिवसकार्य झालं, आणि व्यंकटेशनं मला बाजूला बोलावलं. त्याच्यावर रागावू नकोस. तुझा पोरगा चांगला आहे, नुसता घाबरलाय. म्हणाला, "मावशी, अम्मा गेली तवा मी हितं नव्हतो. आता तुमाला कायतरी झालं तर मी कुनाला तोंड दाखवू? घोडी अम्माचंच ऐकायची. त्यो वरातवाला परत न्यायला तयार हाय. खाऊनपिऊन ऱ्हाईल त्याच्याकडं."

"आणि तोंडात काय घालेल तो तिच्या?"

 त्यानं मान खाली घातली, लहानपणी तुझा ओरडा खाताना घालत असेल तशी. मग म्हणाला, "कॉलनीत रविवारी लगीन हाय. बँड असनार. समोरून नेऊन दाखवा. नाचली न्हाय, दोन पायांवर उबी ऱ्हायली न्हाय, तर घोडी तुमची. मी कवा काय बोलनार न्हाय."

मी हो म्हणून बसले. रविवारपर्यंत गाडीवर घंटी वाजवताना मी दोरी दोन बोटांत धरून हळूच दाबत होते. ड्रायव्हर ओरडायचा, "बाई, आवाजच यीना की!" येईल कसा, मी ड्युटीवर मल्लीचा सराव करत होते.

रविवारी वरातवालाही आला. येताना जुनी काटेरी कडी कापडात गुंडाळून आणली होती. माणूस वाईट नाही तोही, त्याला जे शिकवलं तेच तो करतो. म्हणाला, "आजच्या दिवस ही घाला बाई. पडला बिडला तर महागात पडंल." व्यंकटेशनंही माझ्याकडं आशेनं बघितलं. मी कडी परत कापडात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. मग तुझ्या मागाशेजारच्या खिडकीतून कांडी घेतली, धागा काढला, दोन तुकडे केले आणि साध्या कडीत आणि वाद्यांमध्ये बांधले. गाठ तू शिकवलेली, विणकराची. व्यंकटेशनं कपाळाला हात लावला. तरी त्यानं गळ्यातली दोरी धरून बाजूनं चालायचं ठरवलं, आणि मी नको म्हटलं नाही. त्याचंही मन राखायला हवं होतं.

बँड मांडवाच्या तोंडाशीच होता. आम्ही वळणावरून पुढं झालो आणि ताशा कडाडला. अक्का, तिची पाठ माझ्याखाली दगडासारखी ताठ झाली. मागचे पाय पोटाखाली आले. पुढचा एक पाय उचलला, खाली, दुसरा उचलला. नवरदेवाचे मित्र चेकाळले. "नाचवा की मावशी! नाचवा!" कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या दोन्ही हातांना वेगवेगळी घाई झाली होती. एक म्हणत होता खेच, दुसरा म्हणत होता सोड आणि आयाळ धर. तुझा आवाज कुठूनही येणार नव्हता, हे मला तेव्हा, बरोबर त्या क्षणी, खरं वाटलं. मग मीच मोठ्यांदा म्हणाले, "मेल्लगा."

कुणाला म्हणाले कोण जाणे, तिला की मला. बोटं थोडी मिटली, थोडी उघडली. गड्ड्यातल्या गर्दीत पोराचं बोट असतं तेवढंच. धाग्यातून तिचं तोंड मला लागत होतं. ती दाताखाली कडी चघळत होती, थरथरत होती, पण तिथं होती. मी ओढलं नाही आणि सोडलंही नाही. तिनं उचललेला पाय खाली ठेवला, आणि पुढचं पाऊल टाकलं. मग आणखी एक. पोरं अजून ओरडतच होती तेव्हा व्यंकटेश त्यांच्यावर खेकसला, "गप बसा रं! जाऊ द्या तिला!" अगदी तुझ्यासारखा खेकसला. आणि खेकसताना त्याच्या हातातली दोरी कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही.

ताशा डाव्या हाताला होता, माझ्या गुडघ्याजवळ. आम्ही त्याच्या समोरून गेलो, चालत, भर दुपारी, मांडवासमोरून, सगळ्या माणसांच्या देखत. मी इतकी ताठ बसले होते की पाठीला कळ लागली. आजोबा, बघा म्हटलं मनात. ही पुढची वाट आहे.

पण खरी गोष्ट याच्या पुढची, आणि तीच तुला सांगायला मी एवढी घाई केली. बँड मागं पडला, पाण्याच्या टाकीपाशी आलो. पुढं रस्ता मोकळा, घराचा पत्रा दिसत होता. घोडी तर जिंकली होती आम्ही, मग माझ्यातली भांडखोर बाई जागी झाली. म्हटलं, आता बघू अक्काची पैज. आत्ता पळायची असेल तर पळ, माझी हरकत नाही. मी हात पुढं नेले आणि बोटं उघडली. धागा लोंबला.

मल्ली पळाली नाही. दोन-चार पावलं तशीच चालली. मग तिची मान माझ्यासमोर लांब व्हायला लागली, खाली आणि पुढं, सावकाश, जणू अंधारात हातानं चाचपत कोणी काही शोधतंय. लोंबणारा धागा हळूहळू वर आला, सरळ झाला, आणि तिचं तोंड माझ्या बोटांना लागलं. तिथं ती थांबली. ओढलं नाही तिनं. नुसतं लावून ठेवलं, आणि लांब श्वास सोडला. मला वाटलं चुकून झालं. मी परत हात सैल केले. परत मान लांब झाली, परत धागा सरळ. ओच्यात गूळ नव्हता, अक्का. ओचाच नव्हता, मी पँट घातली होती.

मी घोड्यावर बसून भोकाड पसरलं. व्यंकटेश धापा टाकत पळत आला. "मावशी, लागलं का कुटं?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तुझी आई जिंकली."

त्याला काही कळलं नाही. पण त्यानं मल्लीच्या मानेवर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही रडला. बरं झालं. तू गेल्यापासून तो सारखा दुसऱ्यांनाच पाणी देत फिरत होता.

तर मी हरले, आणि इतक्या आनंदानं मी कधी काही जिंकलेही नव्हते. डेपोत सांगितलं, कॉलनीत सांगितलं, गाडीतल्या पॅसेंजरना सांगितलं. लोकांना वाटतं मी घोडीचं कौतुक करते. मी तुझं करते. तू एका दुखावलेल्या तोंडाला परत माणसाच्या हाताची ओढ लावलीस, आणि माझ्या घंटी ओढणाऱ्या हाताला धागा सांभाळायला शिकवलंस. यातलं एकही तुझ्या तोंडावर बोलले नाही. तोंडावर फक्त भांडले.

आणि सगळं मान्य केलंय असं समजू नकोस. एक मुद्दा माझा अजून उभा आहे. तिच्या तोंडातली ती साधी कडीसुद्धा मी एक दिवस काढणार, आणि नाकावरच्या पट्ट्याला धागा बांधून चालवणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आगं खुळे, मग बोलनार कसं तिच्याशी?" मी म्हटलं असतं, बोलेल ती, तिला सवय लागलीय आता. मग तू रुसली असतीस, आणि मी चहा टाकला असता.

काल व्यंकटेश हैदराबादला परत गेला. आणि आज मी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, साध्या साडीत, कोंड्याचं पोतं ढकलत कुंभारीच्या गाडीत चढले. गाडीवर एक नवीन पोरगी कंडक्टर होती, मला ओळखत नव्हती. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पोत्याचं तिकीट काढा मावशी."

"हे पोतं नाही बाई," मी म्हटलं, "माझ्या घोडीचा डबा आहे."

अख्खी गाडी हसली. ती पोरगी हसली नाही, तिनं तिकीट हातात दिलंच. मी न कुरकुरता घेतलं.